तुमचं नाव चुकीचं आहे!

समजा, तुम्ही एखाद्याच्या घरी गेलात. बेल वाजवली. आतून आवाज आला, 'कोण?' तुम्ही नाव सांगितलं. आणि दार न उघडताच तो माणूस म्हणाला, 'हे नाव चुकीचं आहे. योग्य नाव सांगा, मग बघू.' काय कराल? मी तर दोन शब्द सुनावून चालती होईन. पण हेच वाक्य आपण वेबसाइटवर रोज निमूटपणे ऐकून घेतो की राव! लाल अक्षरांत. सुरुवातीला 'कृपया' असतं, एवढाच काय तो फरक.

तर मंडळी, आजची कबुली अशी, की हे वाक्य लोकांना ऐकवणाऱ्यांपैकी एक मी आहे. वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमचं छोटंसं ऑफिस गंगापूर रोडला आहे आणि तिथं 'संपर्क साधा' हा फॉर्म म्हणजे सगळ्यात फालतू काम समजलं जातं. नाव, इ-मेल, फोन, मेसेज आणि खाली एक बटण. नव्या ट्रेनीला पहिल्या दिवशी देतात. तोही काय करतो? जुन्या प्रोजेक्टमधून फॉर्म उचलतो, रंग बदलतो, संपला विषय. त्या फॉर्ममध्ये कुठले नियम दडलेत हे बघायला वेळ कुणाला आहे?

असाच एक उचललेला फॉर्म मी माझ्या मावशीला भेट दिला.

मावशीची पंचवटीत, रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर, चार खोल्यांची जागा आहे. तिला हॉटेल म्हटलं तर मावशीलाच हसू येईल. दशक्रिया, अस्थिविसर्जन, श्राद्ध अशा कामांसाठी बाहेरगावाहून आलेली माणसं तिच्याकडे उतरतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळं 'गंगेवर आलोय' एवढं कुणी म्हटलं की मावशी पुढचं विचारत नाही. आधी चहा टाकते. इतकी वर्षं सगळा कारभार फोनवर आणि ओळखीवर चालला होता. मीच मागे लागले, 'अगं, हल्ली लोक आधी नेटवर बघतात.' मग एका रविवारी मिसळ हाणून आल्यावर बसले आणि दोन तासांत साइट उभी केली. वर अक्कल पाजळली, की साइटवर फोन नंबर टाकू नकोस, नको ते कॉल येतात. फॉर्म आहे ना! मावशीनं ऐकलं. मी स्वतःवर जाम खूश.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. 'एक गृहस्थ आलेत. तुझ्या त्या फॉर्मबद्दल काहीतरी म्हणतायत. संध्याकाळी येऊन जा.'

गेले. गृहस्थ जळगावकडचे, सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. मावशी त्यांना गुरुजी म्हणत होती, मग मीही गुरुजीच म्हणायला लागले. पत्नीच्या अस्थी घेऊन आले होते. एकटेच. खोली आधी ठरवावी म्हणून त्यांनी घरी बसून मोबाइलवर माझा फॉर्म भरायचा प्रयत्न केला होता. तो काही गेला नाही. फोन करावा तर साइटवर नंबरच नाही. शेवटी तसेच एसटीत बसले आणि विचारत विचारत दारात येऊन उभे राहिले. चारही खोल्या भरलेल्या. मावशीनं त्यांना स्वतःच्या पुढच्या खोलीत जागा करून दिली.

मला वाटलं होतं, आता झापतील. पण त्यांनी पिशवीतून एक वही काढली. फॉर्मनं दाखवलेली प्रत्येक ओळ त्यांनी त्यात उतरवून घेतली होती. पुढं नंबर घालून, शाळेतल्या सवयीनं. 'कृपया योग्य नाव टाका.' 'फक्त अक्षरे चालतील.' 'मोबाइल क्रमांक चुकीचा आहे.' 'इ-मेल आवश्यक आहे.' वही माझ्यापुढं धरून म्हणाले, 'बेटा, छत्तीस वर्षं हजेरी घेतली मी. उच्चार माझा चुकायचा, मग पोरगं सांगायचं आणि मी सुधारून घ्यायचो. पण नावच चुकीचं आहे, असं कधी कुणाला म्हणालो नाही.'

आता यावर काय बोलणार? मी लॅपटॉप उघडला. गुरुजी शेजारी बसले. आमच्या ऑफिसात टेस्टर आहे, पण असा टेस्टर मला आजवर मिळाला नव्हता.

पहिला घोळ लगेच सापडला. नावाच्या खान्याला नियम होता : इंग्रजी ए ते झेड, बाकी काही नाही. म्हणजे पंचवटीतल्या मराठी साइटवर, मराठी माणसानं मराठीत लिहिलेलं नाव बाद! गुरुजींनी मग इंग्रजीत लिहून बघितलं होतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, पुढं टिंब, मग आडनाव. तर टिंब हे 'अक्षर' नाही म्हणून तेही बाद. इंग्रजीत डिसोझा लिहिताना 'डी'नंतर वर जो स्वल्पविराम येतो, तोही या नियमात बसत नाही. म्हणजे गोव्याहून आलेली निम्मी मंडळी दाराबाहेरच.

मी ऐटीत म्हटलं, 'दोन मिनिटं द्या गुरुजी.' आणि नियमात 'अ ते ह' घातलं. झालं काम! गुरुजींनी परत नाव टाकलं. परत लाल. मी चक्रावले. त्यांनी वहीतली आणखी नावं एकेक करून टाकली. 'शरद' गेला. 'शारदा' अडली. 'कमल' गेलं, 'कमला' अडली. त्यांच्या लक्षात माझ्याआधी आलं. 'काना चालत नाहीये याला,' ते म्हणाले.

अगदी बरोबर. संगणकाच्या लेखी मराठीतला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण ही सगळी वेगवेगळी चिन्हं असतात. 'नाशिक' आपल्याला तीन अक्षरी दिसतं, पण आत पाच चिन्हं : न, काना, श, वेलांटी, क. 'अ ते ह' या पट्ट्यात स्वर आणि व्यंजनं येतात, काना-मात्रा त्याच्या बाहेर राहतात. इंग्रजीत विचार करणाऱ्याला हे सुचतच नाही, कारण ए ते झेडच्या बाहेर त्याचं काही राहत नाही. लांबीचंही तसंच. 'क्षीरसागर' दिसायला पाच अक्षरं, आत नऊ चिन्हं, आणि साठवायला नेहमीच्या पद्धतीनं २७ बाइट. एखाद्या जुन्या सिस्टिमनं नावाला २० बाइटची मर्यादा घातली असेल, तर क्षीरसागरांचं 'क्षीरस' होऊन बाहेर येतं.

सगळी चिन्हं आत घेतली. आता नाव गेलं. हिरवी खूण आली. मी मावशीच्या मेलबॉक्समध्ये आलेला मेसेज त्यांना दाखवला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, 'हे माझं आडनाव नाही.'

त्यांच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, कुऱ्हाडे किंवा बऱ्हाटे यांच्यात असतो तसा. मेलमध्ये तिथं 'र्ह' आलं होतं. म्हणजे आडवा अर्धा र जाऊन डोक्यावर रफार बसला होता. हा कुऱ्हाडेंचा 'कुर्हाडे' होण्याचा प्रकार. मराठीत हे दोन वेगळे आहेत हे आपण शाळेत शिकतो. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर ते दिसत नाही, पण तेच र ला आडवा ठेवतं. आणि माझ्या फॉर्ममध्ये 'सुरक्षेसाठी' सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकणारी एक ओळ होती. काही न विचारता, काही न सांगता तिनं गुरुजींचं आडनाव बदललं होतं.

खरं सांगू? तीन चुकांत मला ही सगळ्यात वाईट वाटली. लाल अक्षरं आली तर माणसाला निदान कळतं, तो भांडू तरी शकतो. इथं हिरवी खूण दाखवून नाव बिघडवलं होतं. तिथं पावती, पास, सर्टिफिकेट छापायचं असतं तर तेच छापलं गेलं असतं.

तसं बघितलं तर हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. पॅट्रिक मॅकेन्झी नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर जपानमध्ये काम करायचा. त्याच्या नावामुळं तिथल्या सिस्टिम कोलमडायच्या. वैतागून त्यानं २०१० साली एक यादी लिहिली : नावांबद्दल प्रोग्रामर लोक धरून चालतात अशा ४० चुकीच्या समजुती. प्रत्येकाला एकच नाव असतं, नाव कधी बदलत नाही, प्रत्येकाला आडनाव असतंच, वगैरे. आमच्या धंद्यात ती यादी चांगलीच गाजली. वाचून आम्ही हसलो आणि परत जुना फॉर्म उचलला.

आपल्या महाराष्ट्राचंच बघा ना. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, ही आपली पद्धत. पण १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं आईचं नावही लावायचं ठरवलं : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार भाग. 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच खाने ठेवणाऱ्या फॉर्मांनी या पोरांचं काय करायचं? सोपा उपाय म्हणजे एकच खाना : 'पूर्ण नाव'. ज्याला जे लिहायचं ते लिहू दे.

मग फोनचा नंबर लागला. गुरुजींनी घरचा लँडलाइन दिला होता, कारण 'मोबाइल मी घरी ठेवून फिरतो'. जळगावचा कोड ०२५७, पुढं सात आकडे, म्हणजे एकूण अकरा. माझा नियम : बरोब्बर दहा आकडे. बाद. त्यांनी पुढचा शून्य काढला. आता दहा झाले, पण सुरुवात २नं झाली. माझा नियम : पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. बाद. आपल्या नाशिकच्या ०२५३चंही हेच होणार. म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधले काकाही लँडलाइनवरून या फॉर्ममधून मावशीला गाठू शकत नव्हते! शिवाय १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. त्यामुळं बरीच माणसं मोबाइल नंबरही शून्य लावूनच लिहितात. कुणी +९१ लावतं, कुणी मध्ये रेघ मारतं, कुणी मोकळी जागा सोडतं. आणि मराठी कीबोर्डवर मराठी आकडे उमटले, तर ब्राउझरमधली जावास्क्रिप्टची नेहमीची तपासणी त्यांना आकडेच मानत नाही. यातलं एकही माणसाचं चुकलेलं नाही. रेघा काढणं, ० ते ९चं रूपांतर करणं, हे हमालीचं काम संगणकाचं. ते आपण फुकटात गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो.

इ-मेल गुरुजींकडं नव्हताच. मग तो 'आवश्यक' कशाला? फोन किंवा इ-मेल, दोन्हींपैकी एक पुरे. इ-मेल तपासायचाच असेल तर मध्ये 'ॲट द रेट' आहे का आणि दोन्ही बाजूंना काही आहे का, एवढं बघा. बाकी तो पत्ता खरा आहे का, हे त्यावर मेल पाठवल्याशिवाय कळत नाही. टिंबानंतर दोन ते चार इंग्रजी अक्षरंच हवीत, असले नियम अजून कित्येक फॉर्मांत आहेत. मराठीत लिहिता येणारं '.भारत' २०१४पासून मिळतं, आणि नावाच्या जागीही देवनागरी असलेल्या इ-मेलची सोय २०१२ साली इंटरनेटच्या नियमांत झाली. नियम पुढं गेले, फॉर्म तिथंच.

गुरुजी इतका वेळ ऐकत होते. मग म्हणाले, 'आमच्या टपालाचं हेच होतं की. पिन कोड आला त्याच्या आधी.'

आणि माझी ट्यूब पेटली! पिन कोड देशात लागू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ला. तो आणणारा माणूस मराठी : श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. अडचण काय होती? एकाच नावाची ढीगभर गावं. आपल्या जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंतच घ्या, नुसतं 'पिंपळगाव' लिहिलं तर पत्र कुठल्या पिंपळगावला जाईल याचा नेम नाही. त्यात भाषा अनेक, लिप्या अनेक, अक्षर ज्याचं त्याचं. वेलणकर काय म्हणू शकले असते? 'सगळ्यांनी इंग्रजीतच पत्ता लिहा, ठरलेलंच स्पेलिंग वापरा, नाहीतर पत्र परत.' तसं केलं नाही. पत्ता तुमच्या भाषेत, तुमच्या पद्धतीनं लिहा, फक्त शेजारी सहा आकडे टाका. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४२२ म्हटलं की नाशिक, ४२२००३ म्हटलं की पंचवटी. आपल्या गावाचं स्पेलिंग इंग्रजीत कुणी 'एच' घालून लिहितं, कुणी न घालता. पत्र दोन्ही पोचतात.

म्हणजे कडक नियम कुठं हवा आणि कुठं नको, हे त्या माणसानं कॉम्प्युटर घराघरांत यायच्या कितीतरी आधी ठरवून दिलंय. पिन सहाच आकड्यांचा हवा आणि शून्यानं सुरू होता कामा नये. तिथं जरूर अडवा, कारण तो आकडा यंत्रासाठी आहे. नाव माणसाचं आहे. तिथं यंत्रानं गप्प बसावं.

आता ऑफिसातला कुणीतरी म्हणेल, 'मॅडम, मग हॅकर लोकांचं काय?' रास्त प्रश्न. फॉर्म म्हणजे रस्त्यावर उघडणारं दार, आणि त्यातून कोण काय टाकेल सांगता येत नाही. एक जुनी युक्ती अशी : नावाच्या खान्यात नाव लिहायचं, पुढं नवी ओळ घुसवायची आणि त्या ओळीत 'बीसीसी' लिहून पत्त्यांची माळ लावायची. कच्चा फॉर्म ते सगळं मेलच्या डोक्यावर तसंच चिकटवतो आणि मावशीच्या नावानं भलभलत्या जाहिराती गावभर जातात. म्हणून एका ओळीच्या खान्यात नवी ओळ दिसली तर बिनधास्त अडवा. तिथं दयामाया नको. पण डिसोझांचा तो वरचा स्वल्पविराम धोक्याचा वाटतो म्हणून डिसोझांनाच हाकलणं, ही निव्वळ आळशीगिरी. डेटाबेसला हुकूम वेगळा आणि माहिती वेगळी, अशी दोन पाकिटांत द्यायची पद्धत आहे. ती वापरली की नावात काहीही असो, ते नावच राहतं. पानावर दाखवतानाही ते साधा मजकूर म्हणूनच दाखवायचं. आणि हो, ब्राउझरमधली तपासणी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. पाहुण्याला रस्ता सांगायला बरा. चोर त्याला विचारून येत नाही. घराचं कुलूप सर्व्हरवरच लागलं पाहिजे.

त्या रात्री साडेनऊपर्यंत बसलो. खाने पाचाचे तीन झाले. सूचना बदलल्या. 'क्रमांक चुकीचा आहे'च्या जागी 'या नंबरमध्ये एखादा आकडा राहिलाय का, बघाल का?' असं लिहिलं. हे वाक्य गुरुजींचं. एखादी गोष्ट अडली तरी आधी भरलेलं सगळं तसंच राहील, अशी सोय केली. गुरुजींना चार वेळा सगळं पहिल्यापासून टाइप करावं लागलं होतं. त्या चार वेळांत त्यांनी 'कशासाठी येत आहात' या खान्यात काय लिहिलं असेल, याचा विचार मला तेव्हा नको वाटला. मावशीचा फोन नंबर साइटवर सगळ्यात वर टाकला, ठळक अक्षरांत. मावशी म्हणाली, 'एवढं करायचं होतं तर आधीच नव्हतं का करता येत?' येत होतं गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी रामकुंडावर गेले. गुरुजींचं काम झालं होतं. पायऱ्यांवर बसले होते. फॉर्मचा विषय कुणीच काढला नाही. मी त्यांना सीबीएसवर सोडलं.

आता तुमचं काम. तुमच्या कंपनीची वेबसाइट आहे ना? सोमवारी चहाच्या आधी तिचा संपर्काचा फॉर्म उघडा. नावाच्या जागी आजीचं नाव लिहा, मराठीत, काना-मात्रांसकट. फोनच्या जागी घरचा लँडलाइन, मध्ये रेघ मारून. इ-मेल रिकामा सोडा. मग बटण दाबा. हिरवं आलं तर तेवढ्यावर खूश होऊ नका. मेल जिथं येतो तिथं जाऊन बघा, आजीचं नाव आजीचंच आहे का. लाल आलं, तर ज्यानं फॉर्म केला त्याला शेजारी बसवा आणि ते वाक्य त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. आजीचं नाव घेऊन.

परवा मावशीच्या मेलबॉक्समध्ये त्या फॉर्ममधून एक मेसेज आला. पूर्ण नाव मराठीत, आडनावातला 'ऱ्ह' आडवा, जिथल्या तिथं. फोन ०२५७नं सुरू. मजकूर एका ओळीचा : 'वर्षश्राद्धाला येणार आहे. एक खोली ठेवावी.'

मावशीनं लगेच फोन लावला. तिचा फॉर्मवर अजून फारसा विश्वास नाही. बरंच आहे ते.